ठळक अक्षराच्या पोटातली जागा

देवनागरीतला एखादा ठळक फॉन्ट चांगला आहे की नुसताच जाड आहे, हे ठरवायचे असेल तर मी त्यातले 'ग', 'त' किंवा 'र' पाहत नाही. ही अक्षरे मोकळीढाकळी असतात आणि कितीही जाडी सोसतात. मी आधी 'ब' पाहतो, मग 'भ', मग 'झ' आणि शेवटी 'क्ष'. 'व' आणि 'ब' यांच्यात फरक एवढाच की 'ब'च्या पोटात एक तिरकी रेघ असते. अक्षर जाड होऊ लागले की ही रेघ आणि ते पोट यांची ओढाताण सुरू होते, कारण अक्षराला मिळालेली चौकट जवळजवळ तेवढीच राहते आणि वाढलेली काळी जागा आतल्या पांढऱ्यातूनच काढावी लागते. कसबी अक्षररचनाकार अशा वेळी 'ब'मधली तिरकी रेघ बाहेरच्या रेघांपेक्षा बारीक करतो, पोट थोडे फुगवतो, अक्षराला जराशी रुंदी देतो आणि हे सगळे इतक्या बेताने करतो की वाचणाऱ्याला सगळ्या रेघा सारख्याच जाड वाटाव्यात. 'भ'ची अडचण वेगळी आहे. 'भ' आणि 'म' किंवा 'ध' आणि 'घ' या जोड्या वेगळ्या ठेवण्याचे काम शिरोरेघेत ठेवलेली छोटी फट आणि तिथला बारीकसा वळसा करतो. शिरोरेघ जाड झाली आणि फट मात्र तेवढीच राहिली, तर रस्त्याच्या पलीकडून 'भात'चा 'मात' होतो आणि 'धर'चा 'घर'.

'ख'चे दोन भाग प्रमाण वळणात खाली जोडलेले असतात, तेही अशाच घोटाळ्यातून आलेले शहाणपण आहे. 'र' आणि 'व' शेजारी आले की त्यांचा 'ख' वाचला जातो, आणि ठळक अक्षरे दाटीने बसवली की ही शक्यता वाढते. मिठाईच्या दुकानाच्या काचेवर जाडजूड अक्षरांत लिहिलेले 'रवा लाडू' लांबून 'खा लाडू' असे दिसते. सूचना वाईट नाही, पण ती देण्याचा दुकानदाराचा हेतू नसतो.

माझे काम पुस्तकांच्या मांडणीचे आहे. पुस्तकाच्या पानावर ठळक अक्षर फार जपून वापरावे लागते. प्रकरणाचे शीर्षक, एखादे उपशीर्षक, कोशातला मूळ शब्द, एवढ्यावर ते थांबते. त्यामुळे ठळक अक्षरांबद्दल मला जे काही समजले, ते पानांपेक्षा पुण्याच्या रस्त्यांवर अधिक समजले. अप्पा बळवंत चौकातून लक्ष्मी रस्त्याकडे चालत जाताना दोन्ही बाजूंच्या पाट्यांवर या अक्षरांची सगळी रूपे एका दमात पाहायला मिळतात: जुन्या पेंटरने चपट्या ब्रशने ओढलेली, विनाइल कापून चिकटवलेली, फ्लेक्सवर छापलेली आणि आतून दिव्यांनी उजळलेली.

रोमन लिपीत पाट्यांवरच्या या साध्या, सारख्या जाडीच्या अक्षरांचा इतिहास बराच सरळ सांगता येतो. अक्षरांच्या टोकांना असलेली छोटी पावले, म्हणजे सेरिफ, काढून टाकलेला छपाईचा पहिला ज्ञात टाइप लंडनमध्ये विल्यम कॅस्लन चौथा याने १८१६ साली आपल्या नमुना-पुस्तकात छापला. त्या काळात तिथे भिंतीवरच्या जाहिराती वाढत होत्या आणि प्रत्येक व्यापाऱ्याला शेजारच्यापेक्षा मोठ्याने ओरडणारे अक्षर हवे होते. पुढे १८९८चा आक्झिडेंत्स ग्रोटेस्क, १९१६ साली लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी एडवर्ड जॉन्स्टनने केलेले वळण, १९२७चा फ्युच्युरा आणि १९५७चा हेल्व्हेटिका असा तो रस्ता येतो. या घराण्यातला सर्वांत दांडगा सदस्य म्हणजे जेफ्री ली याने १९६५ साली केलेला इम्पॅक्ट. दिलेल्या जागेत शक्य तेवढी शाई बसवायची, हे त्याचे उघड धोरण होते. इंटरनेटवरच्या विनोदी चित्रांवर पांढऱ्या अक्षरांना काळी कड देऊन जे इंग्रजी लिहिलेले असते, ते बहुधा याच इम्पॅक्टमध्ये.

देवनागरीला मात्र काढून टाकण्यासारखी पावलेच नव्हती. तिच्या अक्षरांचे रूप ठरवले ते बोरूने, म्हणजे तिरक्या कापलेल्या टोकाने. त्या टोकाच्या कोनामुळे वळणात रेघ एका दिशेला जाड आणि दुसऱ्या दिशेला बारीक होत जाते, आणि हा जाड-बारीकपणा रोमन अक्षरांच्या उलट्या दिशेचा असतो. म्हणून देवनागरीत या जातीचे अक्षर करायचे म्हणजे बोरूची ही आठवण पुसून सगळ्या रेघा एकाच जाडीच्या करायच्या. बारीक वजनात, म्हणजे रेघांची जाडी कमी असताना, हे सहज जमते. वजन वाढले की मात्र डोळ्यांचे भ्रम आडवे येतात. तंतोतंत सारख्या जाडीची आडवी आणि उभी रेघ शेजारी ठेवली तर आडवी रेघ जाड दिसते. त्यामुळे शिरोरेघ दंडापेक्षा, म्हणजे अक्षराच्या उभ्या रेघेपेक्षा, किंचित बारीक करावी लागते. गोलाई जिथे दंडाला येऊन मिळते तिथे काळा डाग साठल्यासारखा दिसतो, म्हणून त्या सांध्यावर रेघ निमुळती करावी लागते. 'म', 'भ' आणि 'न' यांच्या डाव्या बाजूच्या गाठीचा तर निर्णयच करावा लागतो, की ती पोकळ ठेवायची, भरून टाकायची की तिला नुसता एक वळसा म्हणून सोडून द्यायचे. मोजपट्टी घेऊन बसले तर चांगल्या ठळक फॉन्टमध्ये एकही जाडी दुसरीशी जुळणार नाही.

इंडियन टाइप फाउंड्रीचा २०१४चा पॉपिन्स हा फॉन्ट या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. त्याची देवनागरी निनाद काळे यांनी आणि रोमन जॉनी पिनहॉर्न यांनी केली. दोन्ही लिप्या शुद्ध वर्तुळांवर बेतलेल्या आहेत, वजने अगदी बारीकपासून अगदी जाडपर्यंत नऊ आहेत, आणि दोन लिप्या शेजारी ठेवल्यावर त्यांच्या काळेपणाचा तोल ढळत नाही. मला स्वतःला पॉपिन्सची देवनागरी थोडी थंड वाटते. वर्तुळाच्या हट्टापायी 'ळ' आणि 'क' एकमेकांचे भाऊ वाटू लागतात. पण सर्वांत जाड वजनातही त्याचे 'क्ष' वाचता येते, हे मान्य करावे लागते. मजकूर आणि शीर्षक असे दोन्ही एकाच घरातून घ्यायचे असेल तर माझी पसंती 'एक टाइप' या मुंबईच्या गटाच्या मुक्ता या फॉन्टला आहे. त्याच्या ठळक वजनात हाताची थोडी ऊब शिल्लक राहिली आहे.

ही चैन फार अलीकडची आहे. छपाईच्या शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, काळात देवनागरीच्या एका वळणाला, एका मापाला, जोडाक्षरे आणि काना-मात्रांचे तुकडे धरून काही शे खिळे लागत. ठळक टाइप हवा असेल तर ते सगळे पुन्हा कोरायचे, पुन्हा ओतायचे आणि त्यांच्यासाठी वेगळ्या केसची, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीची, जागा करायची. पुण्यात केसरीच्या छपाईत रस घेणाऱ्या लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी डोके खर्च केले, यामागे हाच हिशेब होता. लहान छापखान्याला एक मजकुराचा टाइप आणि शीर्षकांसाठी दोन-तीन जाड टाइप एवढ्यावर भागवावे लागे, आणि त्याहून मोठे अक्षर हवे असेल तर लाकडी ठसे काढावे लागत. देवनागरीच्या मुद्रणरचनेवर बापूराव नाईक यांनी लिहिलेला आणि १९७१ साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ चाळताना या खटाटोपाची कल्पना येते. लिपीवर इतके बारकाईने काम झाले असूनही जाड अक्षरांचे पर्याय थोडे का होते, याचे कारण कल्पनेचा अभाव हे नव्हते. धातू महाग होता.

नंतर संगणक आला, आणि मराठीच्या बाबतीत तो बराचसा पुण्यातूनच आला. १९८८ साली इथे स्थापन झालेल्या सीडॅक या संगणक-संस्थेचे सुरेख आणि योगेश हे फॉन्ट, आणि मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीची श्रीलिपी, यांनी पेठांमधल्या डीटीपीवाल्यांची टेबले भरून टाकली. फॉन्टची संख्या एकाएकी शेकड्यांत गेली. त्यातले पुष्कळसे एकाच सांगाड्याला कमी-अधिक चरबी चढवून केल्यासारखे दिसत, पण दुकानदाराला निवड करता येते हा आनंदच नवा होता.

याच काळात एक वाईट सवयही लागली. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा र. कृ. जोशी यांचा फॉन्ट सुरुवातीला एकाच वजनात होता. तरीही वर्डमधले ठळक करण्याचे बटण दाबले की अक्षरे जाड होत, कारण संगणक अक्षराची आकृती जराशी बाजूला सरकवून तिच्यावरच पुन्हा उमटवीत असे. त्यामुळे दंड जाड होत, शिरोरेघ मात्र जवळजवळ तशीच राहत असे, 'ष'चे पोट भरून जाई आणि 'ऱ्य'मधला अर्धा 'र' तर शेजारच्या अक्षरात मिसळून जाई. 'दऱ्या' आणि 'सुऱ्या' असे शब्द ठळक केलेल्या परिपत्रकांत अंदाजाने वाचावे लागत. रचनाकाराने ज्या पांढऱ्या जागेसाठी एकेका अक्षरावर वेळ घालवला, ती यंत्र एका क्षणात शाईने लिंपून टाकते. वेगळा ठळक फॉन्ट हाताशी नसेल, तर शीर्षक ठळक करण्यापेक्षा मोठे करावे, असे मी त्या काळी सांगत असे आणि आजही सांगतो.

२०२२ साली महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत असणे बंधनकारक झाले. मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, अशीही अट त्यात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, आणि त्या दिवाळीच्या सुमारास शहरातल्या पाटीवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. माझ्या मावसभावाचे शनिवार पेठेत वह्या-पेनांचे दुकान आहे. त्याची पाटी तोवर इंग्रजीत मोठी आणि मराठीत कोपऱ्यात होती. नवी पाटी करायला तो मला बरोबर घेऊन गेला, कारण घरात अक्षरांचे वेड असलेला माणूस फुकट उपलब्ध असताना तो का सोडायचा?

पाटीवाल्याच्या संगणकावर 'भक्ती स्टेशनर्स' ही अक्षरे कोरलड्रॉमध्ये तयार होती. मराठी नाव इंग्रजीइतके उंच दिसावे म्हणून त्याने ते वरून धरून ताणले होते. अक्षर उभे ताणले की त्याच्या आडव्या रेघा जाड होतात आणि उभ्या रेघा तशाच राहतात. त्यामुळे शिरोरेघ तुळईसारखी झाली होती आणि 'भ'ची फट गेली होती.

"दादा, हे भक्ती वाचताय की मक्ती?" मी विचारले.

"काका, लोकांना दुकान माहितीये हो," तो म्हणाला. "उंची इंग्रजीएवढी पायजे ना? मी वरच्या रफारापासून खालपर्यंत मोजून बरोबर केलीये."

त्याने नेमके दुखण्यावर बोट ठेवले होते. रोमन मोठी अक्षरे एका सपाट पट्टीत बसतात. देवनागरीत मूळ अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, खाली उकार आणि काही जोडाक्षरांच्या शेपट्या असतात. वरच्या रफारापासून खालच्या टोकापर्यंतची उंची इंग्रजीइतकी धरली, तर ज्याने शब्द प्रत्यक्ष वाचला जातो ते शिरोरेघेपासून पायापर्यंतचे अक्षर इंग्रजीपेक्षा कितीतरी लहान राहते. अट कागदावर पाळली जाते आणि पाटीवर मराठी तरीही दुय्यम दिसते. चांगल्या दुलिपी फॉन्टमध्ये हा प्रश्न आधीच सोडवलेला असतो. पॉपिन्समध्ये देवनागरीचे मूळ अक्षर रोमनच्या सर्वांत उंच लहान अक्षराएवढे आहे, म्हणजे रोमन मोठ्या अक्षरांपेक्षाही थोडे उंच, आणि मात्रा त्याच्याही वर जातात. अक्षराच्या मापाचा एकच आकडा टाकून दोन्ही नावे लिहिली तरी मराठी आपोआप भरदार दिसते. तो फॉन्ट तिथेच उतरवून घेतला, ताणाताण काढून टाकली, आणि 'भ' परत 'भ' झाला.

मग पाटीवाल्याने मला शिकवले, आणि ते मला कोणत्याही पुस्तकात सापडले नसते. उजळणाऱ्या पाटीत प्रत्येक अक्षर म्हणजे ॲक्रिलिकचे तोंड असलेली एक उथळ पेटी असते आणि तिच्यात एलईडीचे मॉड्युल चिकटवतात. रेघ मॉड्युलपेक्षा अरुंद असेल तर दिवा बसतच नाही, आणि बारीक-जाड रेघेत उजेड कुठे साठतो तर कुठे काळोख राहतो. रस्तोरस्ती सारख्या जाडीची ठळक अक्षरे का दिसतात, याचे अर्धे उत्तर या पेटीत आहे. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटे असल्याने पेट्या सहज होतात. मराठी शब्द शिरोरेघेने एकसंध असतो. तो अखंड ठेवावा तर एकच लांबलचक पेटी होते, जी जिन्यातून खाली नेतानाच वाकते, आणि तोडावा तर सांध्यांवर उजेडात काळ्या फटी दिसतात. अनुस्वाराची तर स्वतंत्र पेटी, स्वतंत्र वायर. "टिंब पहिलं पडतं, काका," तो म्हणाला. तेव्हापासून मी अनुस्वार गळालेल्या पाट्या पाहत चालतो, आणि त्या आहेत.

रात्रीचा हिशेब आणखी निराळा असतो. उजळलेले पांढरे अक्षर काळ्या पार्श्वभूमीवर आपल्या कडांच्या बाहेर पसरते आणि आहे त्याहून जाड दिसते. म्हणून दिव्याच्या पाटीसाठी सर्वांत जाड वजन घेण्याऐवजी एक पायरी खालचे घ्यावे. त्यात लक्ष्मी रस्त्यासारख्या अरुंद आणि गर्दीच्या रस्त्यावर पाटी समोरून कुणीच वाचत नाही. फुटपाथवरून किंवा दुचाकीवरून ती तिरक्या कोनातून दिसते, आणि तिरक्या कोनातून अक्षरांची रुंदी आकसते. समोरून व्यवस्थित दिसणारी अरुंद ठळक अक्षरे बाजूने पाहिली की पोटे मिटून घेतात. त्या रस्त्याला रुंद अक्षरे आणि अक्षरांमध्ये हवा लागते. कर्वे रस्त्यावर, जिथे वाहतूक वेगळी आणि अंतर जास्त, तिथे हेच माप बदलते. पाटी करणारा क्वचितच जागेवर जाऊन पाहतो, आणि त्याला त्याचे पैसेही कुणी देत नाही.

जाडीला अगदी टोकाला नेले तर काय होते, हे पाहायचे असेल तर 'एक टाइप'चा मोदक हा फॉन्ट पाहावा. नावाप्रमाणेच तो गुटगुटीत आहे. त्यात अक्षरांची पोटे जवळजवळ मिटली आहेत आणि उरलेल्या केसाएवढ्या पांढऱ्या रेघांवर सगळी ओळख पेलली आहे. मोठ्या मापात, दोन-तीन शब्दांपुरता, तो फार देखणा दिसतो. परिच्छेदासाठी वापरला तर वाचकाचा सूड घेतल्यासारखे होते. त्याच गटाचा बालू त्या मानाने समंजस आहे: जाड, गोलसर कडांचा, आणि बऱ्याच भारतीय लिप्यांत एकाच स्वभावाचा. त्याच्या निरनिराळ्या लिप्यांच्या आवृत्त्यांना गुजरातीत भाई, बंगालीत दा, तमिळमध्ये थंबी, मल्याळममध्ये चेट्टन अशी नावे दिली आहेत, हे मला फार आवडते. लहान मुलांच्या पुस्तकांची शीर्षके, खाऊची पाकिटे आणि शाळेच्या गॅदरिंगची पत्रके यांवर त्याला आता सुट्टी नाही.

ठळक वळणांच्या प्रसारात मराठीचे एक नुकसान मात्र होत आहे. शासनाच्या वर्णमालेत पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही मराठीची रूपे ठरलेली आहेत. पाकळीच्या 'ल'ला दोन पोटे. जाड वजनात दोन पोटे सांभाळणे एका दंडाच्या हिंदी 'ल'पेक्षा अवघड आहे. बऱ्याच फॉन्टमध्ये मराठी रूपे आत दडवून ठेवलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे संगणकाला सांगितले तरच ती बाहेर येतात. ते कुणी सांगत नाही, त्यामुळे लक्ष्मी रस्त्यावरच 'लक्ष्मी'चा 'ल' हिंदी वळणाचा दिसू लागला आहे. याची खंत करणे म्हाताऱ्यांचे काम समजले जाते, पण शाळेत पाकळीचा 'ल' गिरवणाऱ्या मुलाला बाहेर तो कुठेच न भेटणे हे विचित्र नक्कीच आहे.

पुणेरी पाटीला, जाता जाता सांगायचे तर, या सगळ्याची कधी गरज पडली नाही. तिचा सगळा जोर वाक्यात असतो. अक्षर बारीक असले तरी अपमान पोहोचतो. याच्या अगदी उलट वाढदिवसाचे फ्लेक्स. त्यांत नेत्याचे नाव ठळक, त्याला पिवळी कड, कडेला लाल कड, मागे सावली, आणि खाली शुभेच्छुकांची नावे तितकीच ठळक. सगळेच ठळक असल्यामुळे डोळा कुठेही न थांबता फोटोंवरून घसरत जातो. नाटकांच्या जाहिरातींच्या पानावरही असाच गोंधळ होऊ शकला असता, पण तिथे कमल शेडगे यांच्यासारखा माणूस होता, ज्याने प्रत्येक नाटकाच्या नावाला त्याचे स्वतःचे अक्षर दिले. त्यांची अक्षरे पुष्कळदा जाडच असत, पण एकाची जाडी दुसऱ्यासारखी नसे, आणि म्हणून बालगंधर्वच्या बाहेरच्या फलकावर लांबूनही नाटक ओळखू येत असे.

'एक टाइप'चा २०२२ साली आलेला 'अनेक' हा फॉन्ट मला पाटीवाल्यांच्या हाती द्यावासा वाटतो. दहा लिप्यांच्या या कुटुंबात जाडीप्रमाणेच रुंदीही सरकपट्टीने कमी-जास्त करता येते, आणि अक्षर अरुंद होताना रेघांचे प्रमाण रचनाकाराने आधीच सांभाळलेले असते. म्हणजे लांबलचक नाव छोट्या पाटीत बसवण्यासाठी अक्षर कोपऱ्याला धरून दाबण्याची गरजच उरत नाही. मावसभावाच्या पाटीवाल्याला मी तो दाखवला. त्याने पट्टी दोन-तीनदा मागेपुढे सरकवली, 'स्टेशनर्स' अरुंद होताना रफार जागच्या जागी राहतो हे पाहून मान हलवली, आणि मग त्याच्या जुन्या कोरलड्रॉमध्ये ही पट्टी येत नाही म्हणून फाइल बंद केली. पुढच्या गिऱ्हाइकाचे नाव 'ज्ञानदीप झेरॉक्स अँड स्टेशनरी' होते आणि पाटी चार फुटांची.